‘५१२ वर्षांचा शार्क’ कुणी मोजलाच नाही!

एका बाजूला ‘४,८०० वर्षांचं झाड’, दुसऱ्या बाजूला ‘५१२ वर्षांचा शार्क’. हे कार्ड दर काही महिन्यांनी नव्याने व्हायरल होतं. पण हे दोन आकडे एकाच प्रकारचे नाहीत. ते एका रांगेत बसवणं चूक आहे आणि ती चूक करण्यात आम्ही डिजिटल डेस्कवाले पुढे असतो.

झाडाचं सोपं आहे. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधला ‘मेथुसेला’ हा ब्रिस्टलकोन पाइन. १९५७ मध्ये एडमंड शुलमन यांनी पोकळ गिरमिटाने त्याच्या खोडातून बारीक कांडी काढली आणि तिच्यावरच्या वर्षागणिक पडणाऱ्या रेघा मोजल्या. आज त्याचं वय सुमारे ४,८५० वर्षं धरतात. झाड अजून उभं आहे.

ग्रीनलँड शार्कच्या अंगात अशा रेघाच नाहीत. त्याचा सांगाडा मऊ कूर्चेचा असतो. म्हणून ज्युलियस नील्सन आणि सहकाऱ्यांनी २८ माद्यांचे डोळे तपासले. डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधी तयार होतो आणि पुढे बदलत नाही. त्यातला रेडिओकार्बन आणि शार्कची लांबी यांवरून त्यांनी वयाचा अंदाज बांधला. तो २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. सर्वांत मोठी, पाच मीटरची मादी ३९२ वर्षांची. अधिक-उणे १२० वर्षं!

म्हणजे तिचा जन्म १५०४ ते १७४४ मधला कधीचाही. आपल्याकडे निजामशाहीपासून नानासाहेब पेशव्यांपर्यंतचा काळ. इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये अधिक-उणे न लिहिता रीडिंग दिलं की जर्नल परत यायचं. इथे आम्ही थेट वरचं टोक उचललं आणि हेडिंग केलं. खरं तर गरजही नव्हती. खालचं टोक, २७२ वर्षं धरलं तरी हा सर्वांत दीर्घायुषी पृष्ठवंशी प्राणी ठरतो.

या गडबडीत एक आकडा मागे राहिला. याच अभ्यासानुसार मादी प्रजननक्षम व्हायलाच सुमारे १५० वर्षं लागतात. हाही अंदाजच, पण कामाचा. हे शार्क दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत आजही अडकतात. आययूसीएनच्या यादीत ही प्रजाती ‘असुरक्षित’ आहे. आज जन्मलेलं मादी पिल्लू बावीसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जाळ्यांतून वाचलं, तरच त्याला पिल्लं होणार.