घरात सांगायचं कसं?

आमच्या सासूबाईंचे गुडघे अचानक दुखायला लागले, ते २०२२ च्या जूनमध्ये. म्हणजे तसं त्यांनी सांगितलं. महिला मंडळाची काशी-प्रयागची यात्रा ठरली होती, सगळ्यांनी आगाऊ पैसे भरले होते, आणि वर्षभर त्या यात्रेबद्दल बोलणाऱ्या सासूबाई एका सकाळी म्हणाल्या, ''मी नाही जात. गुडघे कुरकुरतायत.'' मी हळदीचा लेप लावून दिला. नवरा म्हणाला, एक्स-रे काढू. त्या म्हणाल्या, ''कशाला उगीच खर्च!''

पाचव्या दिवशी मी त्यांचं पासबुक भरून आणलं आणि गुडघ्यांचं कारण कळलं. एकाच संध्याकाळी, अकरा मिनिटांत, तीन वेळा मिळून सत्तेचाळीस हजार रुपये खात्यातून गेले होते. त्यांच्या पेन्शनमधले. त्यांचे स्वतःचे.

झालं होतं ते असं. आम्ही डोंबिवलीचे, वीज महावितरणची, आणि मीटर अजून सासऱ्यांच्याच नावावर. त्यामुळे मोबाइल नंबर सासूबाईंचा नोंदवलेला. त्यांना मेसेज आला की मागच्या महिन्याचं बिल भरल्याची नोंद नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या अधिकाऱ्याशी ताबडतोब बोला. त्या वर्षी हा मेसेज महाराष्ट्रात घरोघरी फिरत होता, महावितरणनेही लोकांना सावध केलं होतं. पण सासूबाईंच्या मनात आलं ते वेगळंच. बिल मुलगा भरतो, कामाच्या गडबडीत विसरला असेल, लोकलमध्ये लोंबकळत येणाऱ्याला कशाला फोन करून त्रास द्यायचा, आपणच मिटवून टाकू. लक्षात घ्या, त्यांना फसवलं ते हावेपोटी नाही. घराच्या कामाला हातभार लावायला गेल्या त्या.

पलीकडचा 'माताजी, माताजी' करत हिंदीत बोलत होता. त्यानं एक ॲप घ्यायला लावलं. असं ॲप घेतलं आणि त्याला परवानगी दिली की आपल्या फोनचा पडदा समोरच्याला दिसायला लागतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? मग 'फक्त दहा रुपये भरा, म्हणजे बिल अपडेट होईल' म्हणून एक फॉर्म आला. त्यात त्यांनी डेबिट कार्डाचा नंबर घातला. ओटीपी त्यांच्या फोनवर आला, पण तो वाचणारे दोघं होते.

पैसे गेल्याचे मेसेज आले तेव्हा मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. दोन खोल्यांचं अंतर. त्या उठून माझ्याकडे आल्या, हे मला आठवतंय. दारात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, ''झाली का गं भाकरी?'' आणि परत गेल्या.

मी आजही विचार करते, त्या क्षणी त्यांना सांगता का आलं नाही?

उत्तर मला नंतर घरातच मिळालं. प्रकरण उघड झाल्यावर नवरा आईवर केवढा चिडला! ''आई, रोज पेपरात येतं, टीव्हीवर सांगतात, तरी तुला कळत नाही? ओटीपी कुणाला देऊ नकोस म्हणून शंभर वेळा सांगितलंय!'' त्या खाली मान घालून लसूण सोलत होत्या. एक पाकळी सोलून झाली तरी तीच बोटांत फिरवत होत्या. आणि मी? मी गप्प होते, पण मनातून हेच म्हणत होते की कमालच आहे यांची. हे सगळं होणार हे त्यांना पाच दिवस आधीच ठाऊक होतं. म्हणून तर गुडघे दुखत होते.

बँकेत गेलो तर त्यांनी नियम दाखवला. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक होतं. चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोटा नाही. पण ओटीपीसारखी गोष्ट आपणच दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे आमच्या सत्तेचाळीस हजारांना त्या नियमाचा काही उपयोग नव्हता. उपयोग झाला असता तो वेगळ्या गोष्टीचा, ती म्हणजे १९३० हा नंबर. तो तेव्हा आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हता.

हा नंबर कसा चालतो ते सांगते, कारण तो आहे हे पुष्कळांना माहीत असतं, पण घाई का करायची ते माहीत नसतं. चोरलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. तो पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिथून चार-पाच खात्यांत विखुरतो आणि शेवटी एटीएममधून काढला जातो. ही खाती बहुतेकदा भाड्याची असतात, कुणा गरजू माणसाला चार पैसे देऊन घेतलेली. १९३० ला तक्रार नोंदली गेली की पैसा ज्या बँकेत पोचलाय त्या बँकेला खबर जाते आणि तो वाटेत जिथे सापडेल तिथे अडवता येतो. काढून घेतला असेल तर मग काय अडवणार? पहिले एक-दोन तास म्हणूनच सोन्याचे. आमचे पाच दिवस गेले. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, नीट वागले, पण पैसे काही आले नाहीत.

त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते मला पैसे गेल्यापेक्षा जास्त लागलंय. नवऱ्यानं आईचा स्मार्टफोन काढून घेतला. अगदी प्रेमानं हं, 'कटकट नको तुला' म्हणून. बटणांचा साधा फोन आणून दिला. भजनी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप गेला, नागपूरच्या लेकीला रोज रात्री पाहणं गेलं. कुठल्या अभंगाचा सराव आहे हे विचारायला सासूबाई शेजारी जायला लागल्या. चोरी झाली यांच्या घरी आणि शिक्षाही यांनाच! पर्स मारली गेली म्हणून आपण बाईला बाजारात जायला बंदी करतो का? (करतात म्हणा काही घरांत.) तीन महिन्यांनी नणंदेनं भांडून तो फोन परत मिळवून दिला. मी नाही दिला मिळवून, हे कबूल करते.

आणि आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी मला मेसेज आला, तुमचं पार्सल आलंय पण पत्ता अपुरा आहे, पंचवीस रुपये भरून पुन्हा पाठवून घ्या. योगायोगानं माझं पार्सल खरंच यायचं होतं. योगायोग कसला, आजकाल कुणाचं यायचं नसतं? मी ऑफिसात, एका हातात डबा, एका हातात फोन. कार्डाचा नंबर घातला, ओटीपी घातला, साडेअकरा हजार गेले. मी, एम.कॉम. झालेली, सासूबाईंना मनातल्या मनात हसणारी.

मग मी काय केलं असेल? १९३० तर मला पाठ होता. पण मी दीड तास बसून विचार केला तो नवऱ्याला हे कसं सांगायचं याचा. क्रेडिट कार्डाचं बिल येईल तेव्हा काय सांगता येईल, पुढच्या महिन्याच्या पगारातून गुपचूप भरता येतील का. खोटं नाही सांगत, साडीच्या दुकानाचं नावसुद्धा मनात ठरवून ठेवलं होतं. शेवटी फोन केला तो घरी, सासूबाईंना. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ''अगं, मला काय सांगतेस? आधी तो नंबर लाव. रडायचं ते घरी आल्यावर रड.''

त्यातले सहा हजार पुढच्या खात्यात अडकले आणि काही महिन्यांनी मिळाले. दीड तास आधी फोन केला असता तर कदाचित सगळेच मिळाले असते.

म्हणून मला वाटतं की या विषयावर आपल्याला जे सांगितलं जातं ते अर्धंच आहे. सावध राहा, अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका. सगळं खरं. फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात तेच ऐकू यायचं, २०२५ च्या जूनमध्ये ते थांबलं तेव्हा किती जणांनी हुश्श केलं. पण फसल्यावर घरात काय करायचं, फसलेल्या माणसाशी घरच्यांनी कसं बोलायचं, हे कोण सांगतं? भामट्यांना आपल्या घरांची ही नस बरोबर सापडली आहे. 'डिजिटल अरेस्ट'चंच पाहा. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या गणवेशातला माणूस असतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, आणि पहिली अट काय घालतो? घरात कुणाला सांगायचं नाही, खोलीचं दार लावून घ्या. कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑक्टोबरात 'मन की बात'मध्ये हे सांगितलं, २०२५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या प्रकरणावरून स्वतःहून दखल घेतली. तरी दारं लागतच आहेत.

आमच्याच इमारतीतल्या एक निवृत्त शिक्षिका सकाळपासून दुपारपर्यंत अशा दाराआड बसून होत्या. जिनं चाळीस वर्षं वर्ग गप्प बसवला ती बाई! बाहेर सून पोळ्या करत होती. ती चहा घेऊन आत गेली, तर बाईंनी तोंडावर बोट ठेवून तिला बाहेर जायची खूण केली. सुनेनं पडद्यावरचा गणवेश पाहिला आणि फोनच बंद करून टाकला. बाई नंतर म्हणाल्या, ''तुझ्या नवऱ्याची नोकरी जाईल म्हणाले होते गं.'' एफडी मोडायला त्या बँकेत निघणारच होत्या.

याउलट आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सक्तीची झाली, तशा बनावट वेबसाइटी निघाल्या आणि फोनही यायला लागले. मावशींना फोन आला, केवायसी करून देतो, आलेला नंबर सांगा. मावशी त्याला म्हणाल्या, ''मला न्हाई कळत त्यातलं, ताईंना इचारते,'' आणि फोन तसाच माझ्या हातात आणून दिला. त्यांना विचारायची लाज नाही. आपल्याला कळत नाही हे त्या बिनदिक्कत म्हणू शकतात. ते आम्हा शिकलेल्यांना जमत नाही, आणि महिन्याचे दीड हजार त्यांचे वाचले.

आता आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. लेकीनं मोठ्या अक्षरात लिहिलाय. वर १९३०, खाली बँकेचा नंबर, आणि खाली 'आधी फोन, मग प्रश्न'. म्हणजे कुणी 'माझे पैसे गेले' म्हणालं की 'कसे गेले' हे विचारायचं नाही. कुठल्या खात्यातून, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक काय, एवढंच विचारायचं, कारण तक्रारीला तेवढंच लागतं. बाकीची उलटतपासणी दुसऱ्या दिवशी. नवऱ्याला हा नियम पाळणं फार जड जातं, त्याच्या जिभेवर 'कसे' अगदी येऊन थांबतं, ते दिसतं आम्हाला. पण पाळतो. सासूबाईंना एक गोष्ट मात्र मीही शिकवली, की यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. ती त्यांनी अख्ख्या मंडळाला शिकवली.

मंडळ या वर्षी पुन्हा काशीला निघालंय. परवा रात्री सासूबाई चष्मा पुसत माझ्याजवळ येऊन बसल्या, फोन पुढे केला आणि म्हणाल्या, ''आगाऊ रक्कम पाठवायचीय. मीच पाठवते, तू फक्त शेजारी बस.'' एकेक आकडा त्यांनी मोठ्यानं वाचत दाबला. नाव दोनदा पडताळलं. पिन घालताना मला तोंड फिरवायला सांगितलं.

पैसे पोचल्याचा मेसेज आला. मी विचारलं, ''आई, गुडघ्यांचं काय?''

''गुडघ्यांना काय धाड भरलीय,'' त्या म्हणाल्या, आणि बॅग माळ्यावरून काढून ठेव म्हणून नवऱ्याला हाक मारली.