धर्ममाता की आहेरमाता?

बाळाच्या स्नानसंस्काराची तारीख ठरली की घराघरांतून पहिला प्रश्न उठतो तो धर्ममाता कोणाला करावयाचे हा. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर शोधले जाते ते भलत्याच ठिकाणी. मागच्या खेपेस कोणती नणंद मानाला मुकली, आखातातून सोन्याची साखळी कोण आणील, याच हिशेबात निवड आटोपते. या व्यवहारास आमचा स्पष्ट विरोध आहे.

1983 च्या धर्मसंहितेने घातलेल्या अटी पाहा. धर्ममातेने वयाची 16 वर्षे पूर्ण केलेली असावीत, तिला दृढीकरण व ख्रिस्तशरीर हे संस्कार मिळालेले असावेत, तिचे जीवन श्रद्धेला साजेसे असावे. ऐपतीचा उल्लेख कोठेही नाही. जन्मदात्या आईला मात्र धर्ममाता होता येत नाही. म्हणजेच आईवडिलांखेरीज श्रद्धेचा आणखी एक आधार बालकाला मिळावा, अशी ख्रिस्तसभेची इच्छा आहे. 1917 च्या संहितेत तर हे नाते विवाहाला आड येण्याइतके खरे मानले होते. 1983 मध्ये तो अडसर दूर झाला. नात्याचे गांभीर्य दूर झाले नाही.

हे गांभीर्य हरवले की काय होते, ते सिसिलीत दिसले. तेथील कातानिया महाधर्मप्रांताने 2021 साली धर्ममातापित्यांची प्रथाच तीन वर्षांसाठी स्थगित केली. उरला होता तो केवळ सामाजिक उपचार!

‘नातलग दुखावतात, त्याचे काय?’ असे कोणी विचारील. नातलगांना मान अवश्य द्यावा. त्यासाठी पंगत आहे, आहेर आहे. वेदीपाशी मात्र धर्ममाता आईवडिलांना साहाय्य करण्याचे वचन देते. उद्या घरात व्यसन शिरले, आईचे छत्र हरपले, मुलगी चर्चची पायरी चढेनाशी झाली, तर ते वचन साखळीने फिटणार आहे काय?

म्हणून आमचा आग्रह आहे: स्नानसंस्काराच्या तयारीला आईवडिलांबरोबर धर्ममातेनेही बसावे, आणि दृढीकरणाच्या वेळीही शक्यतो तीच पाठीशी उभी राहावी. धर्मसंहितेलाही हेच इष्ट वाटते. शेजारची गरीब पण प्रार्थनाशील बाई या कामी अधिक योग्य असेल, तर तिच्या रिकाम्या हाताकडे पाहू नये. बाळाचे बोट धरावयास हात रिकामाच लागतो.