पेटी बंद पडली त्याची गोष्ट
आमच्या विसरवाडीत पेटी शिकवायला येणारे एक सर तीन महिन्यांची फी आगाऊ घेत. निम्मे तास बुडत, आले तरी मुलांना अलंकार घोटायला लावून फोनवर बोलत बसत. गुरूला कसं विचारायचं, म्हणून आम्ही पालक गप्प राहिलो. प्रवेशिका परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला आणि त्यांच्याकडे शिकणाऱ्या माझ्या भाचीने पेटी उघडणंच सोडलं. खरं तर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आणल्या, तेव्हाच विद्या गुरूच्या मर्जीतून सुटायला लागली होती. पाया पडावं, जरूर पडावं. पण फी महिन्याची महिन्याला द्या, बुडलेला तास वहीत लिहा, दोनदा सांगूनही फरक पडला नाही तर शिकवणी बदला. आमच्यासारखं वर्षभर थांबू नका.