तापलेल्या यंत्राचें निदान

एका वाचक-भगिनींचें पत्र आलें आहे. संगणकावर कांहीं काम चालूं नसतांनाही त्याचा पंखा घोंघावतो, यंत्र तापतें, आणि पत्र लिहावयास बसलें तर अक्षर उमटावयास विलंब लागतो. त्यांच्या दिवंगत यजमानांचीं व्याकरणविषयक टिपणें व पत्रव्यवहार, अशा हजारों फाइली त्यांनीं गेल्याच महिन्यांत जुन्या यंत्रांतून ह्या यंत्रांत उतरवून घेतल्या. दुकानदारानें दोन मिनिटें पाहून ‘नवें घ्या’ असें सांगितलें. निवृत्तिवेतनांतून तेवढी रक्कम काढण्यापूर्वीं रोग कोणता हें तरी कळावें, ही त्यांची इच्छा सर्वथा रास्त आहे.

विंडोज प्रणालीच्या यंत्रांत पडद्यावर दिसतें तेवढेंच काम चाललेलें नसतें. पडद्याआडही अनेक कामकरी राबत असतात. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या असतां ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यांतील ‘सीपीयू’ ह्या शीर्षकावर टिचकी मारली कीं सर्वांत अधिक श्रम घेणारा वर येतो. (‘डिटेल्स’ ह्या सदरांत ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ ह्या नांवापुढें ९५ दिसल्यास मात्र घाबरूं नये. तो आंकडा श्रमाचा नसून विश्रांतीचा आहे!)

भगिनींच्या यंत्रांत वर आलेलें नांव ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्च इंडेक्सर’ हें आहे. हा सूचिकार होय. ग्रंथाच्या शेवटीं जशी शब्दसूची असते, तशी तो आपल्या फाइलींची करीत असतो. म्हणूनच एखादा शब्द शोधतांच तो कोठें आहे हें क्षणांत सांपडतें. एकदम हजारों फाइली आल्या कीं त्याला त्या सर्व वाचाव्या लागतात. मालक काम करीत असेल तेव्हां तो आपली गति कमी करतो खरी, परंतु जुन्या यंत्राला तेंही जड जातें.

तथापि फाइली आल्या आणि यंत्र तापलें, एवढ्यावरून निर्णय करणें हा काकतालीय न्याय झाला. येथें आपल्या तर्कशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकाची कसोटी लावावी. ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडावें. किती वस्तूंची नोंद झाली तो आंकडा तेथें वरच दिसतो. तो टिपून ठेवावा व तासाभरानें पुन्हा पाहावा. आंकडा वाढत असेल तर सूचिकार आपलें काम करीत आहे; यंत्र विजेला जोडून, निद्रावस्थेंत जाऊं न देतां, रात्रभर चालूं ठेवावें. आंकडा खिळून राहिला व भार मात्र कायम असला, तर ‘सर्व्हिसेस’मध्यें जाऊन ‘विंडोज सर्च’ थोडा वेळ थांबवावें. थांबवतांच भार उतरला आणि चालूं करतांच पुन्हा चढला, तर कारण सिद्ध झालें. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधील ‘रिबिल्ड’ हा उपाय करावा. त्यानें सूची पुसली जाऊन नव्यानें तयार होते. यजमानांच्या मूळ टिपणांना यत्किंचितही धक्का लागत नाहीं. वेळ मात्र पुष्कळ लागतो.

दुसऱ्या घरीं हेंच लक्षण असून नांव ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ असें निघेल. तो पहारेकरी आहे, त्याला कायमचा घरीं बसवूं नये. नांव अगदींच अपरिचित असेल तर त्यावर उजवी टिचकी मारून ‘ओपन फाइल लोकेशन’नें त्याचें वसतिस्थान पाहावें. खरा सूचिकार ‘विंडोज’मधील ‘सिस्टिम ३२’ ह्या कप्प्यांत राहतो. तेंच नांव धारण करून अन्यत्र राहणारा तोतया समजावा व विषाणूंची तपासणी करावी.

भगिनींच्या यंत्रावर विंडोज १० असेल, तर त्या प्रणालीचें नेहमींचें विनामूल्य सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें आहे. त्या कारणानें नव्या यंत्राचा विचार करावा लागला तर तो प्रश्न निराळा. पंखा घोंघावतो म्हणून तो करण्याचें कारण नाहीं.