रानफळांच्या अर्काला संधी, अडसर प्रमाणीकरणाचा

भंडारा : जिल्ह्यातील जंगलांत मिळणारी आवळा, जांभूळ यांसारखी रानफळे मांसप्रक्रिया उद्योगालाही उपयुक्त ठरू शकतात. सॉसेज, नगेट्स यांसाठी मांस बारीक केले की त्यातील चरबीचा प्राणवायूशी संपर्क वाढतो. परिणामी चरबी खवट होते आणि मांसाची लाली जाऊन ते तपकिरी पडते. हे टाळण्यासाठी अनेक देशांत बीएचए, बीएचटी ही कृत्रिम रसायने वापरली जातात. त्यांपैकी बीएचएचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘संभाव्य कर्ककारक’ गटात केला आहे. आवळ्यातील टॅनिन आणि जांभळातील अँथोसायनिन ही द्रव्येही चरबीचे ऑक्सिडीकरण रोखतात.

खरा प्रश्न प्रमाणीकरणाचा आहे. जंगल, हंगाम आणि फळाची पक्वता यांनुसार अर्काची ताकद बदलते. मात्रा वाढविल्यास मांसाला तुरट चव येते. युरोपीय संघाने २०१० मध्ये रोझमेरीच्या अर्काला मान्यता दिली, ती घटकांचे निकष निश्चित करूनच. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क दिला. मात्र त्याला प्रयोगशाळेची आणि निकषांची जोड मिळाली नाही, तर रानफळांचे मोल कच्च्या मालाच्या भावापलीकडे जाणार नाही.