प्यूटरची जुनी थाळी घ्या, पण तिच्यावर जेवू नका

इंग्लंडातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात हिंडताना एक जाडजूड, राखाडी थाळी तुम्ही पाहिली असेल. दोन बाजूंना कड्या, काठाशी बिजागरीच्या झाकणाचं इवलंसं तोंड, आणि हातात घेतली की आतून पोकळ लागते. त्या तोंडातून उकळतं पाणी आत भरायचं, झाकण लावायचं आणि वर जेवण वाढायचं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मोठ्या इंग्रज घरांत स्वयंपाकघर जेवणाच्या दालनापासून लांब असे. हिवाळ्यात वाढलेलं मटण टेबलावर येईपर्यंत त्याची चरबी थिजायची. त्यावर काढलेला हा साधा आणि चोख उपाय. चिनी मातीच्या देखण्या बशा आल्या आणि प्यूटरची साधी ताटं मागे पडली, तरी गरम पाण्याची ही थाळी पुढे बरीच वर्षं टिकून राहिली.

ती घ्यायला माझी अजिबात ना नाही. फार सुंदर काम असतं ते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना आणि इथे बसून लिलावातून जुन्या वस्तू मागवणाऱ्यांना माझं कळकळीचं मागणं एवढंच आहे: तिच्यावर थेट अन्न वाढू नका. लहान मुलांना तर कधीच नाही.

कारण धातूत आहे. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील. नुसतं कथील मऊ पडतं, म्हणून त्यात थोडं तांबं, पुढे अँटिमनी किंवा बिस्मथ घालत. स्वस्तात काम भागवायचं असेल तर शिसं. आजचं नवं प्यूटर शिशाशिवाय बनतं. जुन्याची तशी खात्री देता येत नाही.

विक्रेता थाळी उलटी करून तुम्हाला कारागिराचा ठसा दाखवेल आणि धातू उत्तम असल्याचं सांगेल. त्याचं म्हणणं पोकळ नसतं. लंडनच्या प्यूटर कारागिरांच्या संघाने १३४८ सालीच धातूचे नियम घालून घेतले होते. ताटं आणि थाळ्या कथील-तांब्याच्या उत्तम धातूच्याच हव्यात, शिसं मिसळलेला हलका धातू दुसऱ्या भांड्यांना, अशी विभागणी होती. प्रत्येक कारागिराला आपला ठसा संघाच्या पत्र्यावर उमटवून ठेवावा लागे. १६६६ च्या लंडनच्या आगीत आधीचे पत्रे गेले, पण नंतरचे आजही जपलेले आहेत, आणि त्यावरून पुष्कळदा थाळी कोणी घडवली ते ओळखता येतं. त्यामुळे लंडनच्या चांगल्या कारागिराच्या थाळीत शिसं कमी असण्याचा संभव आहे, हे मी मान्य करतो.

पण ठशावरून करणारा कळतो, आतला धातू कळत नाही. मुकुटाखालचा एक्स उत्तम धातूची खूण म्हणून सुरू झाला आणि पुढे सरसकट मारला जाऊ लागला. ओळीने मारलेले चार छोटे ठसे तर चांदीच्या ठशांसारखे दिसावेत म्हणूनच असत. शिवाय ही थाळी झाळून जोडलेली असते, आणि झाळकामाच्या जुन्या मिश्रणात शिसं असायचंच. दीड-दोनशे वर्षांत तिची कुठे कुठे दुरुस्ती झाली आणि कशाने झाली, ते ठसा सांगत नाही.

या थाळ्या वापरात होत्या त्याच काळात इंग्लंडातच शिशाबद्दल एक मोठा धडा मिळालेला होता. डेव्हन परगण्यात सफरचंदाची साइडर पिणाऱ्यांना भयंकर पोटशूळ उठायचा, हातपाय लुळे पडायचे. जॉर्ज बेकर या डॉक्टरने १७६७ साली दाखवून दिलं की रस काढायच्या यंत्रांत शिसं वापरलेलं असतं आणि आंबट रस ते विरघळवून घेतो. लोकांनी त्याच्यावरच तोंडसुख घेतलं, पण त्याचं म्हणणं खरं होतं.

आपल्याकडे कल्हई उडालेल्या पितळेत आमटी कळकली की पहिल्या घासालाच जीभ सांगते. शिसं असं काही सांगत नाही. उलट त्याचे काही क्षार गोडसर लागतात. आणि या थाळीचा जो गुण, तोच इथे घातक ठरतो: अन्न तिच्यावर बराच वेळ, गरम राहून पडून असतं. चिंच-कोकमाची आमटी, टोमॅटोचा रस्सा, लिंबू पिळलेलं काहीही असलं की शिसं उतरायला हवं ते सगळं जुळून येतं. वर सुरीच्या जुन्या रेघा असतील तर धातू आणखीच उघडा पडलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची अमुक पातळी सुरक्षित असं म्हणताच येत नाही, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाचपट शोषून घेतं. ते हाडांत साठतं आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरतं. म्हणून बाळ होऊ घातलेल्या घरात तर याबाबत भीड बाळगू नका. थाळी आजीने हौसेने दिलेली असली तरी.

मग तिचं करायचं काय? गरम पाणी भरा आणि तिच्यावर चिनी मातीची किंवा स्टीलची ताटली ठेवून त्यात वाढा. अन्न ऊबदार राहील आणि धातूला लागणारही नाही. आधी एकदा कोमट पाणी भरून सांधे गळतात का ते पाहा. गळक्या थाळीत उकळतं पाणी घेऊन चालणं म्हणजे मांडी भाजून घेणं. वापर झाला की पाणी ओतून टाका, तोंड उघडं ठेवून उलटी वाळवा. आत राहिलेलं पाणी धातू आतून खातं.

गॅसवर किंवा ओव्हनमध्ये ती कधीही ठेवू नका. प्यूटर साधारण १७० ते २३० अंश सेल्सियसला वितळतं. गॅसच्या ज्योतीवर थाळी बसायला वेळ लागत नाही.

पितळ घासतो तसं चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नका. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, पुरे. चकाकी आणायच्या नादात ठसे पुसट होतात, आणि मग तुमच्या थाळीचा इतिहासच नाहीसा होतो. ओकच्या बंद कपाटात किंवा खणातही ठेवू नका, त्या लाकडाच्या आम्ल वाफांनी शिसं असलेला धातू खराब होतो. पांढरी भुकटी दिसली तर ती झटकू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि हात धुवा.

शिसं किती आहे ते पक्कं कळून घ्यायचं असेल तर क्ष-किरणांच्या यंत्रावर थाळी तपासून घ्या. तिला ओरखडाही येत नाही. घरी करायच्या चाचणीवर मात्र विसंबू नका, कारण ती फार तर वरचा थर सांगते. आणि पुढेमागे थाळी कोणाला भेट दिलीत किंवा विकलीत, तर ‘हिच्यावर थेट अन्न वाढू नये’ असं कागदावर लिहून तो कागद थाळीच्या तळाशी बांधून द्या.