शीटवरची भिंत पडत नाही!

शीटवर काढलेली भिंत कधी पडत नाही. तिला ओल येत नाही, तडा जात नाही. म्हणूनच आर्किटेक्चरची पाच वर्षं नुसती शीट, मॉडेल आणि सॉफ्टवेअरवर काढणं धोक्याचं आहे.

मित्रांनो, आपल्या जालन्यातून बी.आर्क.ला जाणारी मुलंमुली छत्रपती संभाजीनगर, पुणे गाठतात. रात्र रात्र जागून सबमिशन करतात. साइट व्हिजिट होते, ऑफिसात ट्रेनिंगही होतं; पण तिथंही बहुतेकांच्या हाती माउसच! थापी कितींनी धरली, ओळंबा कितींनी सोडला, विचारून बघा.

जालना म्हणजे स्टीलचं गाव. इथं भंगार वितळवून सळई तयार होते. पण ती कॉलममध्ये कशी बांधायची, हे बारबेंडरलाच नीट माहीत असतं. रिंगचं टोक नुसतं काटकोनात सोडायचं नसतं, १३५ अंशांत आत वळवायचं असतं. नाहीतर मोठ्या भूकंपात रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. ड्रॉइंगमध्ये ही एक बारीकशी रेघ. स्वतः दहा रिंगा वाकवा, जन्मात विसरणार नाही. आपल्या काळ्या मातीचंही तसंच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पाया घेतला की भिंत तडकलीच समजा.

घर चुकलं की काय होतं, हे मराठवाड्याला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. ७ हजारांहून जास्त जीव गेले.

त्याच वर्षी अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठानं ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. तिथले आर्किटेक्चरचे विद्यार्थी गरजू कुटुंबांसाठी घरं डिझाइन करतात आणि स्वतः बांधतातही. लांब कशाला? पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली मुलं तिथं प्रत्यक्ष काम करत बांधकाम शिकतात. मग पाच वर्षांच्या डिग्रीला ते का जमू नये?

‘आम्हाला काय गवंडी व्हायचंय का?’ असं काहीजण म्हणतील. नाही. पण ज्याच्याकडून काम करून घ्यायचं, त्याचं काम कळायला नको? कॉलेजांनी वर्षाला एक छोटं काम द्यावं. शाळेतला हात धुण्याचा ओटा, बसथांबा, अंगणवाडीची कंपाउंड वॉल, काहीही. इंजिनिअरची देखरेख हवी, डोक्यावर हेल्मेट हवं. आणि मिस्त्रींना शिक्षक म्हणून बोलवा, तेही रीतसर मानधन देऊन. त्यांची रोजी मारून फुकटचे मजूर मिळवण्यासाठी हे नको.

कॉलेज ऐकेपर्यंत थांबू नका. सुट्टीत गावी आलात की ओळखीच्या बांधकामावर, मिस्त्रीमामांना विचारून, आठ दिवस जा. विटा भिजवा, ओळंबा धरा, क्युरिंगचं पाणी मारा. उद्या ड्रॉइंगवर सही तुमची असेल आणि त्या घरात झोपणारी माणसं त्या सहीच्या भरवशावर झोपणार आहेत.